टेंगूळ आलेलं नाणं

भिंगरी नुकतीच चालायला लागली होती, त्यामुळे घरातल्या कुठल्याच वस्तूला आता स्वतःची जागा उरली नव्हती. चमचे उशीखाली निघत, किल्ल्या चपलेत, आणि एकदा तर आजीचा चष्माच पिठाच्या डब्यात निघाला. "या घरात आता फक्त भिंती तेवढ्या जागच्या जागी आहेत," असं आजी, म्हणजे भिंगरीच्या आईच्या सासूबाई, म्हणायच्या आणि म्हणता म्हणता नातीचा गालगुच्चा घ्यायच्या, म्हणजे रागावणं तिथंच संपायचं.

पण भिंगरीच्या आईचं काम असं, की वस्तू जागच्या जागी नसली तर कामच होऊ नये. खिडकीजवळच्या टेबलावर तिने जाड, मऊ हिरव्या बनातीचा तुकडा अंथरला होता. त्यावर वाकता येणारा दिवा, एक भिंग आणि खिशात मावेल एवढा वजनकाटा. पायाशी नाण्यांची पिशवी. आणि टेबलाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक झाकणाची डबी. पिशवीतून नाणं उचलायचं, दिव्याखाली तिरकं धरायचं, फिरवायचं. काही विशेष दिसलं तर बनातीवर. नुसतंच ठेचलेलं, घासलेलं, कड चेपलेलं असेल तर डबीत. डबी म्हणजे बाद. हात इतका सरावला होता, की तोंडाने गाणं चालू असायचं, मांडीवर पोर असायची आणि हात आपला उचल, फिरव, टाक.

पिशव्या नाणेवाले काका आणून द्यायचे. त्यांचं जुन्या बाजारात छोटंसं दुकान होतं. वजनाच्या यंत्रांतली, पार्किंगच्या पेट्यांतली मोड ते पिशव्या भरभरून घ्यायचे आणि तिच्याकडून बघून घ्यायचे. हजार हातांतून फिरून आलेल्या त्या नाण्यांत त्यांना हवी असायची चूक. नाणं पाडताना वरून आणि खालून दोन पोलादी ठसे त्याला दाबतात. दाबून दाबून ठसा थकतो आणि त्याला तडा जातो. तडा ठशाला, पण त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर मात्र केसासारखी रेघ वर उठते. आणि ठशाच्या कडेचा तुकडाच निखळून पडला, तर नाण्यावर तेवढ्या जागी ना अक्षर ना नक्षी, नुसता गुळगुळीत उंचवटा. पुस्तकात त्याला काय म्हणतात कोण जाणे, काका त्याला टेंगूळ म्हणत. भिंगरी दाराला आपटली तेव्हापासून सगळं घरच म्हणायला लागलं.

"खोल गेलेलं असेल तर कुणीतरी मारलंय," काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "वर आलेलं असेल तर जन्मतःच आहे. आणि टेंगूळ दिसलं की लगेच हुरळून जायचं नाही. नाणं उलटं कर. टेंगळाच्या बरोबर मागे नक्षी पुसट हवी. धातू इकडे फुगला म्हणजे तिकडे कमी पडणारच. मग वजन कर. कुणी धातूचा थेंब डकवून आणला असेल, तर ते जास्त भरतं."

"आणि किंमत?"

"ते टेंगूळ केवढं, कुठे आलंय, नाणं किती झिजलंय त्यावर. आकड्याला खाऊन बसलं असेल तर गिऱ्हाईक नाचतं." काका थांबले आणि बोट नाचवत म्हणाले, "पण एक सांगून ठेवतो. मळकं नाणं मळकंच ठेवायचं. धुतलं की मेलं."

हे शेवटचं वाक्य सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या थंडीत त्यांनी बनातीवरचं एक काळपट नाणं उचललं, जुन्या ब्रशने, टूथपेस्ट लावून लखलखीत केलं आणि मोठ्या हौसेने सुनेपुढे धरलं. "बघ, कसं नव्यासारखं झालं!"

सुनेने ते भिंगाखाली धरलं. त्यावरची नाजूक रेघ होती तिथंच होती, पण सगळ्या अंगावर ब्रशचे ओरखडे, एकाच दिशेने, विंचरल्यासारखे. "आई," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय घालवलंत ते?" आणि मग किती घालवलं ते आकड्यानिशी सांगितलं. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण पुढे नवऱ्याला सांगितलं, नणंदेला फोनवर सांगितलं, काका आले तेव्हा त्यांनाही हसत हसत सांगितलं, आणि काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही आमच्या दुकानाच्या आसपाससुद्धा फिरकू नका बरं का!" सगळे हसले. सासूबाईही हसल्या. त्या दिवसापासून त्या टेबलाची धूळ टेबलाला वळसा घालून पुसायच्या. जमिनीवर एखादं नाणं पडलेलं दिसलं तर लांबूनच विचारायच्या, "सूनबाई, हे उचलू का?" तिला वाटायचं, थट्टेने विचारतायत.

त्या सकाळी बनातीच्या मधोमध एकच नाणं होतं. पाचाचं. आदल्या दिवशी पिशवीच्या तळाशी सापडलेलं, इतकं काळं की दुसऱ्या कुणी भिकाऱ्यालाही दिलं नसतं. पण आकड्याला लागून, कडेवर, घसघशीत टेंगूळ. मागची नक्षी तेवढ्याच जागी पुसट. काकांना फोटो पाठवला तर त्यांचा फोनच आला. "हात लावू नकोस. श्वाससुद्धा जपून घे. अगं, महिन्याचं घरभाडं आहे ते! उद्या येतो."

वजन तेवढं राहिलं होतं. तिने काटा लावला तर त्याचे आकडे लुकलुकून विझले. भिंगरी काखेत, तोंडात आईच्या गळ्यातली साखळी. तिने एका हाताने काट्याचं झाकण उघडलं, चपटा सेल काढला, ड्रॉवरमधून नवीन काढून घातला, आणि हे सगळं होईस्तोवर एक कडवं गाऊन झालं. नाण्याचं वजन बरोबर, ना कमी ना जास्त. तिने भिंगरीला गोल फिरवलं. "बघितलंस ठमाबाई? खरं टेंगूळ आहे! तुझ्यासारखं!" भिंगरी खिदळली आणि डबीकडे हात करू लागली. ती डबी तिचा खुळखुळा. झाकण घट्ट होतं, वाजवायला नाणी होती, पोर गुंतून राहायची. आईने डबी तिला दिली, जमिनीवर बसवलं, दूध पाजलं आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली.

तिथे तिला खोकला ऐकू आला.

लहान मुलांचे खोकले आईला ओळखू येतात. हा त्यांतला नव्हता. ती धावत आत आली. बनात अर्धी खाली लोंबत होती. डबीचं झाकण एकीकडे, डबी दुसरीकडे, नाणी खोलीभर. मध्ये भिंगरी उभी, हनुवटीवरून लाळेची धार लागलेली, डोळे मोठे झालेले. ती आवाज करत नव्हती, हेच भयंकर होतं. मग एकदम घोगरा आवाज आला आणि तिने रडायला सुरुवात केली, तसा आईच्या जिवात जीव आला. श्वास चालू होता. पण लाळ गिळत नव्हती. पाणी तोंडाशी लावलं तर बाहेर आलं.

तिने जमिनीकडे पाहिलं, बनातीकडे पाहिलं. काळं नाणं कुठेच नव्हतं.

"आई! भिंगरीने नाणं गिळलं!"

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, ओले हात पदराला पुसत. त्यांनी नातीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बघत काय राहिलात? चला!"

त्या तोंड मिटून चपला शोधायला लागल्या.

टॅक्सीत भिंगरी आईच्या खांद्यावर मान टाकून होती. आईचा एक हात तिच्या पाठीवर, श्वासाबरोबर वर जाणारा, खाली येणारा. खाली गेला की पुन्हा वर येईपर्यंत तिचा स्वतःचा श्वास थांबायचा. सासूबाईंनी नातीचा एक बूट छातीशी धरला होता. दुसरा घालायचा राहिला होता. "किती मुलं नाणी गिळतात गं," त्या मध्येच म्हणाल्या. "आमच्या शेजारणीच्या मुलाने तर… दोन दिवसांनी आपोआप… काही होत नाही." टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टरबाई होत्या, तरुण, केस घट्ट बांधलेल्या. त्यांनी घसा बघितला, छातीला नळी लावली आणि लगेच फोटो काढायला पाठवलं. त्या थंडगार टेबलावर भिंगरी मासोळीसारखी उसळत होती. दोन बायकांनी धरलं तरी हललीच.

पडद्यावर फोटो आला. इवल्याशा बरगड्या, जणू पक्ष्याच्या. आणि घशाच्या खाली, मधोमध, पांढराशुभ्र गोल. चंद्रासारखा, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो विचार झटकला.

"श्वासनलिकेत नाही, अन्ननलिकेत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते बरं आहे. आता मला नीट आठवून सांगा. घरात चपटे सेल आहेत? घड्याळाचे, रिमोटचे? नाण्याएवढेच दिसतात ते."

"सेल?"

"नाणं असेल तर घाई नाही. पोटात दूध आहे म्हणालात. भूल देताना ते उलटून फुप्फुसात जायची भीती असते. नाणं असेल तर दूध उतरेपर्यंत थांबता येतं. पण सेल असेल तर थांबता येत नाही. तो ओल्या जागी अडकला की जाळायला लागतो. संपलेला असला तरी जाळतो. आरपार भोक पाडू शकतो." त्या हे हळू आवाजात, नीट एकेक शब्द उच्चारून सांगत होत्या, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "सेलची कड फोटोत दुहेरी दिसते. गोलात गोल. इथे मला कडेशी दुसरी रेघ असल्यासारखी वाटते, पण बाळ हललंय. सगळीकडून आहे की एकाच बाजूला, ते कळत नाही."

एका बाजूला! ती पडद्याजवळ गेली. "थांबा, थांबा. ते साधं नाणं नाहीये. त्याला टेंगूळ आहे. म्हणजे ठसा फुटून एका बाजूला धातू वर आलाय. असा." तिने कागद मागून घेतला, नाणं काढलं, कडेवर टेंगूळ काढलं, बाजूने कसं दिसेल तेही काढलं. चित्र बिनचूक आलं. "माझं कामच आहे ते. इथे कड जाड आहे, म्हणून इथे दुहेरी दिसणार. बनातीवर ते एकच होतं आणि आता तेच नाहीये."

"आणि सेल?"

"वजनकाट्यात असतो. आज सकाळीच बदलला."

"जुन्याचं काय केलंत?"

"कचऱ्यात टाकला." हे तिने एका क्षणात सांगितलं. दुसरीकडे कुठे टाकणार होती? "सकाळीच कचऱ्याची गाडी येऊन गेली."

डॉक्टरबाईंनी चित्र घेतलं, पडद्याशी धरलं. त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. "मग याचा अर्थ लागतो," त्या म्हणाल्या. "तरी मी दुसरा फोटो घेणारच, आडव्या बाजूने. फोटोच्या खोलीत आता अपघाताचा रुग्ण आहे, तो बाहेर आला की लगेच. घशातून दुर्बीण घालून ते काढणारे डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत आहेत. नाणंच असेल तर त्यांना मध्ये उठवत नाही."

तिला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यात, मोहरीएवढा का होईना, अभिमानही वाटला. आपल्याला नेमकं सांगता आलं म्हणून. पुढे कितीतरी दिवस तिला त्या अभिमानाचीच सगळ्यात जास्त भीती वाटत राहिली.

बाहेर बाकावर भिंगरी तिच्या मांडीवर पडून राहिली. रडायचीही थांबली होती. लाळ गळायची, आई पुसायची. लाळ गळायची, आई पुसायची. एकदा पुसताना रुमालावर लालसर तार दिसली. तिने रुमाल उजेडात तिरका धरला, नाणं धरावं तसा. हिरडी लागली असेल. दात येतायत तिचे. हिरडीच असेल.

"हिरडी असेल, नाही का हो आई?"

सासूबाई शेजारी नव्हत्या. त्या दोन पावलांवर भिंतीला टेकून उभ्या होत्या, बूट तसाच छातीशी. चेहरा पांढराफटक.

"ती काय म्हणाली गं?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरीण. नाणं असेल तर थांबायचं, असं म्हणाली ना?"

"हो."

"कुठलंही नाणं असलं तरी?"

"आई, कुठलंही काय? माझंच आहे ते. टेंगूळवालं. म्हणून तर कड दुहेरी दिसतेय. साधं असतं तर अशी दिसली नसती."

सासूबाईंच्या हातातून बूट पडला. त्यांनी कमरेला खोचलेला हातरुमाल काढला. त्याला गाठ होती. गाठ सुटेना, त्यांनी दातांनी सोडवली.

आत पाचाचं नाणं होतं. लखलखीत. कडेवर टेंगूळ.

"हे बाळाच्या मुठीत होतं," त्या म्हणाल्या. आवाज कुठूनतरी लांबून यावा तसा. "तू गॅलरीत गेलीस तेव्हा. तोंडात घालेल म्हणून काढून घेतलं. इतकं घाण होतं… लाळ लागलेली… मी नळाखाली धरलं, ब्रश फिरवला, आणि मग टेंगूळ दिसलं. माझे तर हातपायच गळाले. पुन्हा तेच केलं मी. म्हटलं तू आता… तेवढ्यात तुझी हाक आली. मला वाटलं, डबीतलं दुसरं एखादं गिळलं असेल. कुठलं गिळलं याने काय फरक पडतो? घरी गेल्यावर सांगेन म्हटलं. अगं, मला काय माहीत…"

सून ऐकत होती की नाही कोण जाणे. ती नाण्याकडे पाहत होती. हे नाणं इथे आहे. मग आत जे आहे त्याला टेंगूळ नाही. मग कड दुहेरी का? आणि तिच्या हाताला आठवलं. डोक्याला नव्हे, हाताला. काखेत भिंगरी, तोंडात गाणं, काट्यातून सेल काढला. निकामी वस्तू. निकामी वस्तू हात कुठे टाकतो? उचल, फिरव, टाक. पत्र्याच्या डबीचं झाकण घट्ट बसल्याचा आवाज. कचरापेटीपाशी ती सकाळपासून गेलीच नव्हती.

बाद डबीत. आणि डबी बाळाच्या हातात.

ती कशी उठली, दार कसं ढकललं, ते तिला नंतर आठवेना. "सेल आहे! डॉक्टर, सेल आहे! नाणं हे इथे आहे, मी चुकीचं सांगितलं, सेल मी डबीत टाकला होता, सेल आहे तो!"

डॉक्टरबाईंनी एकदा नाण्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. पुढे काही विचारलं नाही. फोन उचलला आणि इतक्या शांत आवाजात बोलल्या, की भोवतीची माणसं पळायला लागली. भूल देणारे डॉक्टर आले, दूध कधी प्यायली ते विचारलं, उत्तर ऐकून ओठ घट्ट मिटले आणि म्हणाले, "चला, तरी घेऊ." दुर्बीणवाल्या डॉक्टरांना हातातलं काम दुसऱ्याकडे देऊन बोलावलं. कुणीतरी भिंगरीला तिच्या हातातून घेतलं. भिंगरीने आईची साखळी मुठीत धरली होती. ती सोडवायला तिचं एकेक बोट उघडावं लागलं.

दार बंद झालं.

मग त्या दोघी बाकावर बसल्या. मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोरच्या भिंतीवर पंखा फिरत होता, एका कुशीला गेला की कटकट वाजायचा. नवऱ्याला फोन झाला होता, तो निघाला होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तेच सोसवत नव्हतं. जाळतो. ओल्या जागी जाळतो. तिच्या मनात घरचं सगळं उलटं फिरायला लागलं. घास भरवताना भिंगरी आऽ करायची ते. पाणी पिताना गटकन आवाज काढून स्वतःच हसायची ते. त्या एवढ्याशा नळीतून काय काय खाली जायचं होतं अजून. सगळं आयुष्य खाली जायचं होतं.

"बोल मला," सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी बोल. शिव्या दे. अशी गप्प बसू नकोस."

सुनेची नजर बंद दारावरून हलली नाही.

"मी आजी नाही, वैरीण आहे तिची."

"डबीत मी टाकला," सून म्हणाली. "डबी तिच्या हातात मी दिली. डॉक्टरांना चित्र काढून कुणी दाखवलं? मी. तुम्ही नाणं काढून घेतलंत तिच्या हातातून." ती सासूबाईंकडे वळली. "आणि तुम्ही मला एका नाण्यापायी एवढं घाबरायला लागलात, ते कुणामुळे?"

सासूबाईंनी मान हलवली, नाही नाही अशी. सुनेने मधली जागा ओलांडली. सासूबाईंचा हात बर्फासारखा होता आणि त्याला अजून टूथपेस्टचा वास येत होता. तो तिने दोन्ही हातांत धरून ठेवला. पंखा या कुशीला गेला, त्या कुशीला आला, कटकटला. आतून काही आवाज येत नव्हता. आवाज आला की दोघी दचकायच्या, नाही आला की जास्त दचकायच्या.

दार उघडलं तशा दोघी उठून उभ्या राहिल्या. डॉक्टरबाईंनी मास्क खाली केला. हातात झाकणाची पारदर्शक डबी होती. तिच्यात चपटा सेल, कडेने काळा पडलेला, जळक्या भाकरीच्या काठासारखा.

"निघाला," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला भाजलंय. वरवरचं आहे, आरपार नाही. काही दिवस नळीने दूध द्यावं लागेल, आणि नंतर पुन्हा पुन्हा तपासायला आणावं लागेल. कधी कधी जखम भरताना नळी आक्रसते. ते पुढे कळेल." त्या क्षणभर थांबल्या. "दुसऱ्या फोटोची वाट बघितली असती तर… जाऊ द्या. नाही बघितली."

सासूबाई बाकावरच मटकन बसल्या आणि पदर तोंडात धरून, आवाज न करता, गदागदा रडल्या.

काका आले ते भिंगरी घरी आल्यावर. झालेलं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, त्यामुळे पिशवी न आणता बाळासाठी कापडी ससा घेऊन आले होते. भिंगरी आजीच्या मांडीवर होती, जरा रोडावलेली, पण आजीच्या बांगड्यांशी झटापट करण्याइतकी ताजीतवानी. आता तिला पातळ पेज वाटीने चालत होती. टेबलावर बनात होती, पण डबी नव्हती. वजनकाटा कपाटाच्या वरच्या फळीवर, स्क्रूने झाकण आवळून.

इकडचं तिकडचं बोलून झालं आणि काकांची नजर बनातीकडे वळलीच. माणूस चांगला, पण धंद्याचा. त्यांनी नाणं उचललं, खिशातलं भिंग काढलं, खिडकीकडे तोंड केलं. नाणं तिरकं धरून फिरवत राहिले.

"अरेरे," शेवटी म्हणाले. "टेंगूळ काय सुरेख आहे! आणि हे… हे विंचरल्यासारखे ओरखडे." त्यांनी भिंग खाली घेतलं. "घरभाडं गेलं बघ. आता फार तर आठवड्याची भाजी निघेल. कुणी धुतलं हे?"

मांडी हलवणाऱ्या सासूबाई थांबल्या. भिंगरीने वर पाहिलं.

"मी," सून म्हणाली.

"तू?" काकांचा विश्वास बसेना. "तू धुतलंस? एवढं शिकवून?"

"हो. घाण झालं होतं फार."

काकांनी मान हलवत नाणं बनातीवर ठेवलं. मग सासूबाई पुढे वाकल्या आणि कितीतरी महिन्यांनी त्यांनी टेबलावरची वस्तू कुणाला न विचारता उचलली. नाणं डोळ्यांजवळ धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"पण नीट नाही हो धुतलंस, सूनबाई," त्या म्हणाल्या. "कडेला काळं राहिलंय."

काका आधी हसले की सून, ते सांगता येणार नाही. भिंगरी कशाला हसायचं ते न कळता सगळ्यांत जोरात हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

तिघंही जागच्या जागी गोठली. काकांचं भिंग खाली पडलं. सून गुडघ्यांवर खाली आली, तोंड भिंगरीच्या तोंडाजवळ नेलं. एक खोकला. दुसरा. सासूबाईंनी शेजारच्या वाटीतली पेज चमच्यात घेतली. चमचा वाटीवर किणकिणत होता. त्यांनी तो नातीच्या ओठांशी नेला.

भिंगरीने आऽ केलं. घास घेतला. आईने तिच्या गळ्यावर हलकेच बोट ठेवलं आणि ऐकलं.

गटकन.

"अजून एक द्या, आई," ती म्हणाली. बोट तिथून काढलं नाही.